संचालक व्हायचंय? मग आधी निकष नीट लिहा

संरक्षण मंत्रालयात तीस वर्षं खर्डेघाशी केल्यावर घोडबंदर रोडच्या टॉवरमधून येऊरचा डोंगर बघत पेन्शन खायची असेल, तर साहेब, पुढचं वाचू नका. महापे एमआयडीसीतल्या काचेच्या इमारतीत ‘कार्यकारी संचालक, धोरण’ अशी पाटी हवी असेल, तरच बसा.

तयारी निवृत्तीआधी पाचेक वर्षं सुरू करायची, आणि तीही खरेदीच्या टेबलावरून. गरज मान्य होते, निविदा निघते, तांत्रिक छाननी होते, मैदानी चाचण्या होतात आणि उरलेल्यांत ज्याचा भाव सगळ्यात कमी तो ‘एल-वन’, म्हणजे ऑर्डर त्याची. नवशिके भावाच्या लिफाफ्यात नाक खुपसतात आणि दक्षता खात्याच्या तोंडी सापडतात. भावाला हात लावायचाच नाही. सगळा खेळ निकषांत आहे.

समजा, दुर्बीण घ्यायची आहे. ‘वजन दीड किलोपर्यंत’ लिहिलंत तर पाच कंपन्या दारात उभ्या राहतील. ‘बॅटरीसह 1150 ग्रॅम, उणे 30 अंशांत सलग आठ तास’ लिहिलंत की गर्दी ओसरते. मात्र फार आवळू नका. एकच कंपनी उरली की ‘सिंगल व्हेंडर’ म्हणून फाइल बोंबलते. दोघी बसतील एवढाच निकष कसायचा. दुसरी महाग आहे ना, एवढं बघून ठेवायचं. वागळे इस्टेटमधला एखादा लहान कारखानदार तरीही नेटाने आलाच, तर त्याला चाचणीला बोलवा. चाचण्या ‘नो कॉस्ट नो कमिटमेंट’ असतात, म्हणजे माल वर पहाडात न्यायचा खर्च त्याचा आणि ऑर्डरची हमी कुणाचीच नाही. एखादी तारीख पुढे ढकललीत की तो आपणच घरी जातो. तुमच्या सहीची गरजसुद्धा पडत नाही.

निवृत्तीनंतर खासगी नोकरीला परवानगीशिवाय एक वर्ष बंदी. पूर्वी दोन होती. सरकारला तुमची दया आली. सल्लागार म्हणून पळवाट काढू म्हणाल, तर ती आधीच बुजवलेली आहे: सरकारी अनुभवाशी जोडलेला सल्ला हासुद्धा नोकरीतच मोजतात. शेवटच्या तीन वर्षांत त्या कंपनीच्या कामाची गोपनीय माहिती तुमच्या हातात होती का आणि पगार बाजाराला धरून आहे का, हेही बघतात. म्हणून पगार बेताचा लिहा. गाडी, क्लब आणि मुलाची परदेशातली फी यांना पगार कोण म्हणतं? परवानगीचा अर्ज केलात आणि ठरल्या मुदतीत नकार आला नाही, तर परवानगी मिळालीच असं धरतात. एरवी फायली दाबण्यात तुमचं अर्धं आयुष्य गेलं. आता दुसऱ्याने तुमची दाबावी म्हणून नवस बोला.

फक्त घाई नको. अमेरिकेच्या हवाई दलात खरेदी बघणाऱ्या डार्लीन ड्रुयनबाईंनी 2002 मध्ये बोइंगच्या टँकर (हवेतच इंधन भरणाऱ्या) विमानांचा अब्जावधी डॉलरचा सौदा हाताळता हाताळताच बोइंगमधली नोकरी ठरवून टाकली. मध्यस्थी बोइंगमध्येच कामाला असलेल्या मुलीच्या ईमेलने झाली. वार्षिक अडीच लाख डॉलर पगार, उपाध्यक्षपद. आणि 2004 मध्ये नऊ महिन्यांची कैद. ज्यांनी नोकरी देऊ केली ते बोइंगचे वित्तप्रमुखही आत गेले. सोयरिकीची बोलणी ईमेलवर करू नयेत, हे आपल्याकडे आजीलाही कळतं.

याउलट डिक चेनी. ते अमेरिकेचे संरक्षणमंत्री असताना, 1992 मध्ये, लष्कराच्या रसद-व्यवस्थेचं कंत्राट हॅलिबर्टन या बड्या कंपनीच्या ब्राउन अँड रूट या उपकंपनीला गेलं. 1993 मध्ये खुर्ची सुटल्यावर साहेब आधी एका थिंक टँकमध्ये जाऊन विचारवंत झाले, आणि 1995 मध्ये थेट हॅलिबर्टनच्या प्रमुखपदी. मधल्या काळात चारचौघांत विचार करताना दिसावं, ते असं. पुढे 2001 मध्ये उपराष्ट्रपती होऊन स्वारी सरकारात परत!

महाप्यात रुजू झाल्यावर काम फारसं नसतं. तुमची खरी किंमत फोनमधल्या नावांची, आणि ती नावं नासतात: दोन-तीन वर्षांत बदल्या झाल्या की पलीकडून ‘कोण बोलतंय?’ येतं. म्हणून तुमच्या जुन्या खुर्चीवर आज जो बसलाय, त्याच्या निवृत्तीची तारीख डायरीत टिपून ठेवा. सहा महिने आधी जेवायला बोलवा. कंपनीत एक जागा रिकामी होणार आहे, एवढंच सांगा; कुणाची, ते नको.