फेणीच्या नावावरचा हक्क : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

फेणी या काजूच्या दारूला मिळालेल्या भौगोलिक मानांकनावर, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या मालालाच ते नाव लावता येण्याच्या कायदेशीर हक्कावर, मी लेख लिहिला आणि हे नाव परदेशातही जपावे असे म्हटले. त्याला आपण सविस्तर विरोध नोंदवला, याबद्दल आभार. काजू मुळात ब्राझीलचा, तेव्हा फेणीवर गोव्याने हक्क सांगणे पोकळ अभिमानाचे आहे, असे आपण म्हणता. मानांकनाचा लाभ बाटलीबंद माल विकणाऱ्यांनाच होतो, हा आपला दुसरा आक्षेप. आणि आफ्रिकेतून आयात केलेला काजूगर आपल्याच बाजारात ‘गोव्याचा’ म्हणून राजरोस खपत असताना परदेशातील नावचोरीबद्दल बोलण्याचा आपल्याला काय अधिकार, हा तिसरा.

पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात काजू इकडे आणला, हे निर्विवाद आहे. परंतु मानांकन झाडाच्या वंशावळीला मिळत नाही. दार्जिलिंगची बहुतेक जुनी झुडपे चिनी वाणाची आहेत, तरीही भारतातील पहिले मानांकन त्याच चहाला मिळाले. स्कॉच व्हिस्कीसाठी बार्ली स्कॉटलंडबाहेरची चालते. मात्र गाळप आणि ओकच्या पिंपात किमान तीन वर्षे मुरवणे स्कॉटलंडमध्येच व्हावे लागते. गोव्यात सत्तरीतील किंवा काणकोणातील एखाद्या भाटीवर, म्हणजे दारू गाळण्याच्या जागी, हंगामात जाऊन पाहावे. पिकून आपसूक गळलेले बोंडू (काजूची फळे) वेचायचे, बी पिळून वेगळी करायची, कोळंबीत (तुडवणीच्या कुंडीत) बोंडू पायांनी तुडवून रस काढायचा, तो बाहेरचे काही न घालता आंबू द्यायचा, पहिल्या गाळपात हुर्राक मिळवायचा आणि त्यात पुन्हा आंबलेला रस मिसळून फेणी गाळायची, ही सारी रीत इथल्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या घडवली आहे. 2009 साली काजू फेणीची नोंद झाली, ती या रीतीमुळे आणि तिने मिळवलेल्या लौकिकामुळे.

आपला तिसरा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो, पण त्यातून निघणारा निष्कर्ष आपण काढता त्याच्या नेमका उलट आहे. भारतातील नोंद भारताच्या सीमेपाशी संपते. जागतिक व्यापार संघटनेच्या ट्रिप्स या बौद्धिक संपदाविषयक कराराचे कलम 23 मद्यांना अधिक कडक संरक्षण देते. खरा उगम छापून किंवा नावापुढे ‘पद्धतीची’, ‘धर्तीची’ असे शब्द जोडूनही दुसऱ्याला ते नाव वापरता येत नाही. परंतु त्याच कराराच्या कलम 24 नुसार, मूळ देशातच जे नाव संरक्षित नाही किंवा वापरातून गेले आहे, ते जपण्याचे बंधन इतर देशांवर नाही. म्हणून घरच्या बाजारातली भेसळ रोखणे हा परदेशी लढ्याचाच पहिला टप्पा आहे. गोव्याच्या काजूलाही आता मानांकन आहे, आणि खोटे मानांकन लावून माल विकणाऱ्याला भारतीय कायद्यात सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि दंडही आहे. तरतूद आहे, ती वापरली जात नाही, याचा मलाही संताप येतो.

दिरंगाईची किंमत काय असते, हे स्कॉचवाल्यांना भारतातच कळले. ‘पीटर स्कॉट’ ही भारतीय व्हिस्की 1968 पासून बाजारात होती, तिच्या नोंदणीविरुद्ध स्कॉच व्हिस्की असोसिएशनने 1986 मध्ये अर्ज केला आणि 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, इतका काळ गप्प राहिल्याचे कारण प्रामुख्याने दाखवून, निकाल त्यांच्या विरोधात दिला. इतक्या धनाढ्य संघटनेची ही गत झाली, तर आपण कोणत्या भरवशावर थांबायचे? बासमतीचेही तसेच. टेक्सासच्या राइसटेक कंपनीने 1997 मध्ये अमेरिकेत पेटंट मिळवले, भारताने आव्हान दिल्यावर त्यातील बहुतेक दावे गळाले, आणि तरीही बासमतीला आपल्याच देशात मानांकन मिळायला 2016 उजाडले.

राहिला लाभ कोणाला, हा प्रश्न. ट्रेडमार्क विकता येतो, मानांकन विकता येत नाही, गहाण ठेवता येत नाही, त्याचा परवानाही कोणाला देता येत नाही. भारताच्या 1999 च्या भौगोलिक मानांकन कायद्याचे कलम 24 तसे स्पष्ट सांगते. कलम 17 प्रमाणे कोणताही उत्पादक अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची नोंद मागू शकतो. डोंगरातल्या भाटीवाल्यापर्यंत हा अर्ज पोहोचत नाही, ही आपली तक्रार रास्त आहे. तो मराठीत आणि कोंकणीत छापून, हंगामापूर्वी काजूपट्ट्यातील प्रत्येक पंचायतीत भरून घेण्याचे काम सरकारने आणि फेणी उत्पादकांच्या संघटनेने अंगावर घ्यावे, ही मागणी आपण दोघांनी मिळून लावून धरावी, अशी माझी विनंती आहे.