बिल मागितलं म्हणून एवढा राग?

आज सकाळी जळगाव जिल्ह्यात सावद्याजवळ एका केळीच्या बागेवर गेलो होतो. केळी कापून झाली होती, गाडी भरली होती. बागवाल्याचा मुलगा नुकताच शेतीत उतरलाय. तो व्यापाऱ्याला एवढंच म्हणाला, "शेठ, वजन आणि भाव लिहून सही करून द्या, मग गाडी काढा." व्यापारी काही बोलायच्या आत पोराचा सख्खा काकाच त्याच्या अंगावर आला. "घरच्या माणसाकडे कागद मागतो? तुझ्या आजोबापासून यांच्याकडे माल जातो!" पोरगा गप्प. गाडी गेली. कागद नाहीच.

पाहुणा म्हणून तिथे बोललो नाही. इथे बोलतो.

सावदा, फैजपूर, रावेर, यावल, कुठेही जा, हेच. बैल घेताना आपण दात बघतो, आणि लाखांचा माल गाडीत चढवताना साधी चिठ्ठी मागायची लाज वाटते. ही लाज कोणाच्या फायद्याची आहे, एवढं तरी कळायला नको?

माझ्या मामांचं सांगतो. जवळच्यांना माहीत आहे, तरी सांगतो. ऐन मे महिना, वादळाची भीती, बाग कापायला आलेला. बोर्डाच्या, म्हणजे रोज जाहीर होणाऱ्या भावापेक्षा कमीने दिला, तेही मुकाट. व्यापारी लांबच्या नात्यातला. त्याने चेक दिला आणि वर गोड बोलला, "मामा, आत्ता बँकेत टाकू नका, दिल्लीचं पेमेंट यायचंय." मामांनी चेक देव्हाऱ्यात ठेवला. देवाच्या भरवशावर नाही हो, त्या माणसाच्या भरवशावर. दर आठवड्याला फोन, दर आठवड्याला "पुढच्या सोमवारी". चेकवरच्या तारखेपासून तीन महिने झाले की बँक तो घेत नाही, २०१२ पासूनचा नियम आहे. व्यापाऱ्याला तो पाठ होता. मामांना नव्हता.

तीन महिने उलटल्यावर त्याने फोन उचलणंच सोडलं.

चेक मुदतीत टाकला असता आणि वटला नसता, तर गोष्ट वेगळी होती. बँकेचा मेमो आल्यापासून ३० दिवसांत नोटीस, नोटीस मिळाल्यावर त्याला १५ दिवस, तरी पैसे नाही दिले तर पुढच्या महिनाभरात कोर्टात तक्रार. हेच ते चेक न वटण्याचं कलम १३८. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतर चेक आपण खात्यात भरला असेल तर केस आपल्या शाखेच्या हद्दीतल्या कोर्टात चालते, व्यापाऱ्याच्या गावी खेटे घालायला नकोत. हे मामांना कोणी सांगितलं? कोणीच नाही. पोलिसांकडे गेले तर "दिवाणी मामला आहे, वकील बघा."

वकिलांनी मात्र सांगितलं, तोंडी सौदाही कायद्याला चालतो, माल दिल्यापासून तीन वर्षांत दावा लावता येतो. मग पहिला प्रश्न विचारला, "वजनाची पावती? भाव कुठे लिहिलाय?" मामा माझ्याकडे बघायला लागले. काट्याची पावती व्यापाऱ्याच्या मुनिमाकडेच राहिली होती. मुदत गेलेला चेक तेवढा खिशात. पुरावा म्हणून तो काही अगदीच निरुपयोगी नव्हता, पण मामांनी दावा लावलाच नाही. म्हणे, नात्यात तोंड कसं दाखवायचं. मामी चुलीपुढूनच म्हणाल्या, "त्याला लाज नाही, तुम्हाला कशाची?" घरात अक्कल होती, विचारली कोणी नाही.

आता कोणीतरी खाली लिहीलच की व्यापाऱ्याचेही पैसे दिल्लीत अडकतात. अडकतात, मान्य. पण मग तसं लिहून द्या ना, अमुक तारखेला देतो म्हणून! प्रामाणिक माणसाला सही करायला कसली भीती? आणि असे व्यापारी आहेत, न मागता हिशोबाची पट्टी हातात देणारे. त्यांच्याबद्दल माझा शब्द नाही.

मला राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. टिश्यू कल्चरची केळीची रोपं उधार आणली तेव्हा कृषी केंद्रवाल्याने वहीवर मामांची सही घेतली. सोसायटीने पीककर्जाला कागदांचा गठ्ठा घेतला. ठिबकच्या अनुदानाला सातबारा, आधार, फोटो, सगळं दिलं. तेव्हा कोणी म्हटलं नाही, "घरचा माणूस आहे, कागद कशाला?" शेतकरी देणं लागतो तेव्हा सही, शेतकऱ्याचं येणं असतं तेव्हा विश्वास. वा रे वा.

२०१६ मध्ये फळं-भाजीपाला बाजार आवाराबाहेर नियमनमुक्त झाला, म्हणजे तिथे बाजार समितीचं नियंत्रण उठलं. चांगलंच झालं असेल. त्याच वर्षी जळगावच्या केळीला भौगोलिक मानांकन मिळालं, आपण सगळे खुश. पण बांधावर सौदा होतो तिथे बाजार समितीचा माणूस उभा नसतो. तिथे वाली कोण? तो कागदच.

कोर्टात वर्षं जातात, हेही खरं. मामांचं वय बघता मीसुद्धा त्यांना फार रेटलं नाही. यंदा त्यांनी पुन्हा बाग लावलाय. घड असे सुटलेत की बघत राहावं. विचारलं, कोणाला देणार? म्हणाले, "बघू, ओळखीतलाच कोणी." काय बोलणार. माणूस भला आहे, हाच त्याचा दोष.

तरुण पोरांनो, तुम्ही तरी ऐका. गाडी हलायच्या आत काट्याच्या पावतीचा फोटो काढा, भाव व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून पाठवा आणि समोरून नुसतं "ओके" तरी घ्या. कोणाच्या घरात चेक पडून असेल तर आज रात्रीच तारीख बघा. तीन महिने भरत आले असतील तर उद्या बँक उघडताच टाका, समोरचा काहीही म्हणो. वकिलांचा नंबर हवा असेल त्यांनी इनबॉक्स करा.

आणि सकाळच्या त्या काकांच्या वतीने मला समजवायला कोणी फोन करू नये. उचलणार नाही.