१९४८ साली आयर्लंडमध्ये कौल कोणी चोरला नव्हता

आपल्याकडे आघाडी सरकारवरून वाद पेटला की एक मजकूर हमखास फिरायला लागतो, आयर्लंडच्या १९४८च्या संसदेबद्दलचा. त्यात लिहिलेलं असतं की त्या वर्षी जनतेने तेव्हाचे पंतप्रधान डी व्हॅलेरांना निवडून दिलं पण हरलेल्या सगळ्यांनी एक होऊन सत्ता पळवली, ती संसद म्हणजे यादवी युद्धातल्या दोन टोळ्यांचे म्हातारे, त्यात बाई एकही नाही, सगळे झाडून कॅथलिक, आणि ते सरकार तीन वर्षं नुसतं भांडलं नि पडलं. लिओ वराडकर तिकडे पंतप्रधान झाले, मालवण तालुक्यातलं वराड गाव बातम्यांत आलं, तेव्हापासून मराठी लोकांना आयर्लंडबद्दल आपुलकी वाटायला लागलीय आणि ते मला मनापासून आवडतं. पण म्हणून काहीही खपवायचं का? एकेक मुद्दा घेऊ.

"जनतेने डी व्हॅलेरांना निवडून दिलं होतं." नाही दिलं. डॉलमध्ये, म्हणजे तिथल्या लोकसभेत, तेव्हा १४७ जागा होत्या, बहुमत ७४चं. ४ फेब्रुवारी १९४८च्या निवडणुकीत डी व्हॅलेरांच्या फियाना फॉलला ६८ मिळाल्या, फिना गेलला ३१, लेबरला १४, शॉन मॅकब्राइड यांच्या नव्या क्लॅन ना पोब्लाख्ताला १०, शेतकऱ्यांच्या क्लॅन ना ताल्वनला ७, नॅशनल लेबरला ५, मॉनेटरी रिफॉर्मचा १ आणि ११ अपक्ष. ६८ हा सगळ्यात मोठा गट, हे बरोबर, पण सगळ्यात मोठा आणि बहुमतातला यात फरक असतो आणि तो फरकच हा मजकूर गिळून टाकतो. मतं बघितली तर चित्र अजून उलटं दिसतं. फियाना फॉलला पहिल्या पसंतीची सुमारे ४२ टक्के मतं पडली आणि जागा मिळाल्या ४६ टक्के. मॅकब्राइड यांच्या पक्षाला १३ टक्क्यांच्या आसपास मतं पडली आणि जागा मिळाल्या जेमतेम ७ टक्के. मग कौलातला वाटा कोणाला जास्त गेला आणि कोणाचा कमी झाला?

आणि हे असं का झालं तेही समजून घ्यायला हवं. तिथे निवडणूक एकल संक्रमणीय मतपद्धतीने होते, एमपीएससी-यूपीएससी करणाऱ्या पोरांना हे तोंडपाठ असतं कारण आपली राज्यसभेची आणि राष्ट्रपतीपदाची निवडणूक तशीच होते. मतदार १, २, ३ असे पसंतीक्रम लिहितो. मतदारसंघात जागा जितक्या कमी तितका कोटा, म्हणजे निवडून यायला लागणारा मतांचा आकडा, मोठा, तीन जागा असतील तर पाव हिश्शापेक्षा एक मत जास्त लागतं, म्हणजे लहान पक्षाला तिथे शिरणं महाकठीण. १९४७ साली फियाना फॉल सरकारनेच कायदा केला, जागा १३८च्या १४७ केल्या आणि तीन जागांचे मतदारसंघ १५ वरून २२ वर नेले. हा कायदा ज्या खात्याचा, त्याचे मंत्री होते शॉन मॅकएन्टी. त्याच सुमारास मॅकब्राइड यांचा पक्ष पोटनिवडणुका जिंकत होता, तेव्हा हा बदल कोणाला जड जाणार होता हे वेगळं सांगायला नको.

आता या कायद्याने तयार झालेला एक तीन जागांचा मतदारसंघ जवळून बघा, डब्लिन साऊथ-ईस्ट. तिथून निवडून आले तिघे: स्वतः मॅकएन्टी, फिना गेलचे वकील जॉन ए. कॉस्टेलो आणि क्लॅन ना पोब्लाख्ताचा नवखा डॉक्टर नोएल ब्राऊन. काही दिवसांत कॉस्टेलो पंतप्रधान, ब्राऊन आरोग्यमंत्री आणि मॅकएन्टी विरोधी बाकावर! त्या भागातल्या मतदारांनी तीन वेगवेगळ्या पक्षांची तीन माणसं पाठवली, याला कौल म्हणतात, आणि तो एकरंगी नव्हता.

१८ फेब्रुवारीला सभागृह बसलं तेव्हा डी व्हॅलेरांचं नाव आधी मतदानाला आलं आणि ७५ विरुद्ध ७० असं पडलं. मग कॉस्टेलोंचं नाव आलं, ७५ विरुद्ध ६८ असं पास झालं. सगळं उघड, सभागृहात, नाव घेऊन. यात खरा काटा होता नॅशनल लेबरच्या पाच जणांचा. हा पक्ष १९४४ साली लेबरमधून फुटलेला, त्यांच्यामागच्या कामगार संघटनांची इच्छा होती की यांनी डी व्हॅलेरांना पाठिंबा द्यावा, आणि त्या पाच जणांनी तो दबाव झुगारून दुसरीकडे मत दिलं. ते पाच फिरले असते तर डी व्हॅलेरा राहिले असते. याला पळवापळवी म्हणणं म्हणजे निवडून आलेल्या माणसाला स्वतःचं मत असूच नये असं म्हणणं झालं.

"यादवीतल्या दोन टोळ्यांचे म्हातारे." यात थोडं तथ्य आहे आणि ते मान्य करायलाच हवं, दोन्ही बाजूंच्या पुढच्या बाकांवर १९२२-२३च्या यादवीत, म्हणजे इंग्रजांशी झालेला करार मानणारे आणि न मानणारे यांच्यातल्या युद्धात, बंदूक धरलेली माणसं होती. पण १९४८ची खरी गंमत ही की टोळ्यांची ती रेघच तेव्हा मोडली. फिना गेलचे नेते रिचर्ड मल्कही यादवीत सरकारी सैन्याचे प्रमुख होते आणि त्या काळात बंडखोर बाजूच्या कैद्यांना गोळ्या घातल्या गेल्या. मॅकब्राइड त्या बंडखोर बाजूचे, पुढे १९३६ साली तर आयआरए या सशस्त्र संघटनेचे प्रमुख होते, वडील जॉन मॅकब्राइड यांना १९१६च्या उठावानंतर इंग्रजांनी मारलेलं. या दोघांत विस्तव जाणं शक्य नव्हतं. मल्कही पंतप्रधान होणार असतील तर मॅकब्राइड यांची माणसं येणार नाहीत हे स्पष्ट होतं, तेव्हा पक्षाचे नेते असूनही मल्कही बाजूला झाले, शिक्षणमंत्री म्हणून बसले आणि यादवीत न लढलेल्या कॉस्टेलोंना पुढे केलं. स्वतःच्या पक्षाचं सरकार येतंय आणि खुर्ची हातात असताना सोडायची, हे आपल्याकडे किती जणांनी केलंय ते ज्याचं त्याने आठवावं. मॅकब्राइड परराष्ट्रमंत्री झाले, पुढे १९७४ साली त्यांना शांततेचं नोबेल मिळालं.

आणि म्हातारे कसले? नोएल ब्राऊन ३२ वर्षांचे, डॉलमधल्या पहिल्याच दिवशी मंत्री. लियम कॉसग्रेव्ह २७ वर्षांचे आणि तरी तोपर्यंत पाचेक वर्षं सभागृहात काढलेले. कॉर्कहून पहिल्यांदा निवडून आलेले जॅक लिंच तीस वर्षांचे, हर्लिंग या आयरिश खेळाचे एवढे मोठे खेळाडू की १९४१ ते १९४६ अशी सलग सहा वर्षं ऑल-आयर्लंड पदकं, त्यातलं एक गेलिक फुटबॉलचं. डी व्हॅलेरा, कॉस्टेलो, लेमास, लिंच, कॉसग्रेव्ह असे आजी-माजी-भावी मिळून पाच पंतप्रधान या एका सभागृहात बसले होते.

"बाई एकही नाही." हा मुद्दा वाचून मला सगळ्यात जास्त राग येतो कारण यात पाच बायकांची नावंच पुसून टाकली जातात. मेरी रेनॉल्ड्स, ब्रिजेट रेडमंड, ब्रिजेट राइस, ऑनर क्राउली, मेरी रायन. १४७ मध्ये पाच म्हणजे फारच कमी, लाज वाटावी इतके कमी, पण शून्य नाही. आणि या पाचही जणी विधवा होत्या, पाचही जणींचे नवरे आधी खासदार होते. नवरा गेला की सहानुभूतीच्या लाटेवर बायकोला तिकीट, हे आपल्याला सांगायला नकोच. पण मेरी रेनॉल्ड्स यांचं नुसतं तेवढंच म्हणून सोडून देता येत नाही. १९३२च्या फेब्रुवारीत, मतदान दोन दिवसांवर आलेलं, त्यांचे पती पॅट्रिक रेनॉल्ड्स लायट्रिममध्ये प्रचाराला एका निवृत्त पोलिसाच्या घरी गेले, तिथे वाद झाला आणि त्या माणसाने त्यांना आणि सोबतच्या पोलिसाला गोळी घालून मारलं. तिथलं मतदान पुढे ढकललं गेलं आणि मेरी स्वतः उभ्या राहून निवडून आल्या. १९३३ नंतर मधली चार वर्षं सोडली तर १९६१ पर्यंत त्या तिथूनच निवडून येत राहिल्या. एका लाटेवर कोणी एवढी वर्षं टिकत नाही, लोकांची कामं केल्याशिवाय ग्रामीण आयर्लंडमध्ये दुसऱ्यांदा दारात उभं करत नाहीत.

"सगळे कॅथलिक." बहुसंख्य होतेच, देशच तसा आहे. पण रॉबर्ट ब्रिस्को ज्यू होते, १९२७ पासून १९६५ पर्यंत खासदार, १९५६ साली डब्लिनचे लॉर्ड मेयर. एर्स्किन चाइल्डर्स प्रोटेस्टंट, मॉरिस डॉक्रेल प्रोटेस्टंट, डोनेगलचे अपक्ष विल्यम शेल्डन प्रोटेस्टंट. चाइल्डर्स यांच्या वडिलांना १९२२ साली यादवीत सरकारने गोळ्या घातल्या होत्या, तेव्हाचे संरक्षणमंत्री मल्कही, आणि १९४८ला मुलगा त्याच मल्कहींच्या समोरच्या बाकावर. तोच मुलगा १९७३ साली देशाचा राष्ट्रपती झाला. अर्थात सगळं गोडगुलाबी होतं असंही मी म्हणत नाही. त्याच सभागृहात ऑलिव्हर फ्लॅनगन होते ज्यांनी १९४३ साली डॉलमध्ये ज्यूंना देशातून हाकला असं भाषण केलं होतं आणि तरी १९४८ला लाईश-ऑफलीत ते पहिल्या क्रमांकाने आले. ब्रिस्कोंना त्या माणसासोबत एकाच छताखाली बसावं लागलं. ही खरी टीका आहे, करायची तर ही करा, पण त्यासाठी ब्रिस्को तिथे होते हे आधी माहीत पाहिजे ना.

"नुसतं भांडलं आणि पडलं." भांडलं खरंच. पण १९४८च्या डिसेंबरात प्रजासत्ताकाचा कायदा झाला, १८ एप्रिल १९४९ला लागू झाला, आयर्लंड राष्ट्रकुलातून बाहेर पडला. त्यानंतर दहाच दिवसांनी लंडनमध्ये ठरलं की भारत प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहील, म्हणजे आपल्या आणि त्यांच्या वाटा नेमक्या याच काळात वेगळ्या झाल्या. उद्योग आणणारी आयडीए ही संस्था १९४९ची, आजच्या आयर्लंडमधल्या परदेशी कंपन्यांच्या मागे तीच आहे. आणि ब्राऊन यांचं टीबीविरुद्धचं काम. त्यांचे आईवडील दोघेही टीबीने गेलेले, स्वतःलाही झालेला. हॉस्पिटल स्वीपस्टेक नावाच्या लॉटरीचा निधी होता, त्याच्या नुसत्या व्याजावर न थांबता मूळ रक्कमही त्यांनी सॅनेटोरियम बांधण्यात घातली, कारण खाटेची वाट बघत माणसं मरत होती.

पुढे त्यांनी आई आणि सोळा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत उपचारांची योजना आणली, उत्पन्नाची अट नाही. डॉक्टरांच्या संघटना विरोधात, कॅथलिक बिशप विरोधात, मंत्रिमंडळ मागे हटलं आणि एप्रिल १९५१ मध्ये खुद्द मॅकब्राइड यांनीच राजीनामा मागितला. ब्राऊन यांनी सगळा पत्रव्यवहार वर्तमानपत्रांना देऊन टाकला. यात सरकारची बाजू घ्यायला माझ्याकडे एक शब्द नाही, वाईट वागले. सरकार पडायला मात्र दुधाच्या भावावरून नाराज झालेले ग्रामीण सदस्यही तितकेच कारण होते, ते कोणी सांगत नाही.

मग ३० मे १९५१ला निवडणूक झाली. "सत्ता पळवणाऱ्या" फिना गेलच्या जागा ३१च्या ४० झाल्या. क्लॅन ना पोब्लाख्ता १० वरून २ वर आपटला. ब्राऊन अपक्ष म्हणून त्याच डब्लिन साऊथ-ईस्टमधून परत आले, कॉस्टेलो आणि मॅकएन्टी यांच्यासोबतच. फियाना फॉलला ६९ मिळाल्या, म्हणजे पुन्हा बहुमत नाहीच, आणि डी व्हॅलेरा पंतप्रधान झाले ते ब्राऊन यांच्यासारख्या अपक्षांच्या मतांवर. १९३२ साली पहिल्यांदा सत्तेत आले तेव्हाही त्यांच्या १५३ पैकी ७२च जागा होत्या आणि लेबरने हात दिला होता. हा मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी १९३२ आणि १९५१चे हे आकडेही त्याला जोडावेत आणि मग सांगावं की ४८चीच तेवढी चोरी कशी.