बडोद्याच्या खासदाराचा परराष्ट्र धोरणाशी संबंध आहे

निवडणूक जवळ आली की बडोद्यातल्या मराठी व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. त्यातलं म्हणणं थोडक्यात असं : परराष्ट्र धोरण दिल्लीत ठरतं, आपल्या शहराला त्याचं देणंघेणं नाही. खासदार व्हिपने, म्हणजे मतदानाबाबतच्या पक्षाच्या आदेशाने, बांधलेला असतो. सरकार कुणाचंही आलं तरी धोरण तेच राहतं. शिवाय शांततेची भाषा करणारा दुबळा असतो. तेव्हा उमेदवारांची युद्धाबद्दलची, शांततेबद्दलची मतं ताडून बघण्यात वेळ घालवू नका, रस्ते आणि पाणी बघा. रावपुऱ्यापासून कारेलीबागेपर्यंत चांगली शिकलेली माणसं हा मेसेज पुढे ढकलतात, म्हणून त्याला मुद्देसूद उत्तर द्यायला हवं.

शहराचा मुद्दा आधी घेतो, कारण तोच सगळ्यात चुकीचा आहे. शहराजवळची कोयलीची रिफायनरी बघा. स्वातंत्र्यानंतर बराच काळ देशातलं तेलशुद्धीकरण बर्मा शेल, एस्सो, कॅलटेक्स अशा परदेशी कंपन्यांच्या मुठीत होतं. केशवदेव मालवीय तेलखातं सांभाळत असताना सरकारने त्यातून वाट काढायची ठरवली आणि मदत मागितली ती रुमानिया आणि सोव्हिएत संघाकडे. गुवाहाटीला रुमानियाचं साहाय्य मिळालं, बरौनी आणि कोयलीला सोव्हिएत संघाचं. 1965 मध्ये कोयली सुरू झाली. आज या शहरातल्या कितीतरी घरांची चूल ज्या कारखान्यावर आणि त्याच्या भोवतीच्या रसायन उद्योगांवर चालते, तो एका स्वतंत्र परराष्ट्र धोरणातून उभा राहिला.

आता प्रश्न तेल कुठून घ्यायचं हा आहे. इराणवरच्या निर्बंधांतून अमेरिकेने दिलेली सवलत संपली तेव्हा, मे 2019 मध्ये, भारताने इराणचं तेल घेणं थांबवलं. 2022 नंतर मात्र अमेरिका नाराज असतानाही रशियाचं तेल मोठ्या प्रमाणावर घेतलं आणि त्याच कारणावरून ऑगस्ट 2025 मध्ये अमेरिकेने आपल्या मालावर जादा 25 टक्के शुल्क लादलं. आधीचं धरून ते 50 टक्क्यांवर गेलं. दोन्ही वेळा सरकार एकाच पक्षाचं होतं, दबाव एकाच देशाचा होता, निर्णय मात्र वेगळे झाले. यातला कोणता बरोबर होता, यावर आपल्या उमेदवाराचं काही मत आहे की नाही, हे मकरपुरा औद्योगिक वसाहतीतल्या (जीआयडीसी) निर्यातदाराने विचारायला नको का? ज्या घरातला मुलगा अमेरिकेत एच-1बी व्हिसावर आहे, त्या घरालाही हे वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

हवाई दलाच्या सी-295 वाहतूक विमानांचा कारखानाही डोळ्यांसमोरच आहे. 56 विमानांचा करार, त्यातली 16 स्पेनहून तयार होऊन आली आणि 40 इथे जुळणार. 28 ऑक्टोबर 2024 ला स्पेनचे पंतप्रधान पेद्रो सांचेझ उद्घाटनाला बडोद्यात आले, तेव्हा आपण रस्त्याच्या कडेला उभे राहून हात हलवले. त्याच स्पेनने, नाटो या अमेरिकाप्रणीत लष्करी गटाचा सदस्य असूनही, त्या वर्षी मे महिन्यात पॅलेस्टाइनला मान्यता दिली होती. बड्या गटात राहूनही स्वतःचं मत ठेवता येतं, याचं हे ताजं उदाहरण आपल्या दारात येऊन गेलं.

खासदाराच्या हातात काही नसतं, हा मुद्दा अर्धा खरा आहे. आपल्याकडे आंतरराष्ट्रीय करारावर सही करायला संसदेची मंजुरी लागत नाही आणि पक्षांतरबंदी कायद्यामुळे व्हिप मोडणाऱ्याची खासदारकी जाऊ शकते. पण 2008 चा जुलै आठवा. अमेरिकेबरोबरच्या अणुकरारावरून डाव्या पक्षांनी पाठिंबा काढला आणि 22 जुलैला लोकसभेत विश्वासदर्शक ठराव आला. बाजूने 275, विरोधात 256. अख्खं सरकार आणि त्याबरोबर तो करार एकोणीस मतांच्या फरकाने तरला. त्या दिवशी देशातल्या प्रत्येक मतदारसंघाचा खासदार परराष्ट्र धोरणावरच मत देत होता. 2015 मध्ये बांगलादेशाबरोबर भूभागांची अदलाबदल करायची तर घटनादुरुस्ती लागली, तीही खासदारांच्याच मतांनी झाली. शिवाय प्रश्नोत्तराच्या तासाला प्रश्न विचारायला व्हिप आड येत नाही, आणि परराष्ट्र व्यवहाराच्या स्थायी समितीत तर व्हिप नसतोच. तिथे मान डोलावणारा बसवायचा की अभ्यास करून प्रश्न विचारणारा, हे आपणच ठरवतो.

आणि बडोद्याने तर हे म्हणूच नये. 2014 मध्ये इथून निवडून गेलेले उमेदवार पंतप्रधान झाले. वाराणसी ठेवून त्यांनी ही जागा सोडली ही गोष्ट वेगळी.

सगळ्यांचं धोरण सारखंच असतं म्हणणाऱ्यांनी जाहीरनामे उघडलेले नसतात. भाजपच्या 1998 च्या जाहीरनाम्यात अण्वस्त्रांचा पर्याय वापरण्याचं आश्वासन होतं. मार्चमध्ये सरकार आलं आणि मे महिन्यात पोखरणला चाचण्या झाल्या. ती ओळ कुणी मनावर घेतली नव्हती. 2024 चे जाहीरनामेही शेजारी ठेवून बघा. भाजपने भारताला ‘विश्वबंधू’ म्हटलं आणि सुरक्षा परिषदेतल्या कायम जागेचं उद्दिष्ट ठेवलं. काँग्रेसने धोरणातलं सातत्य राखू असं म्हणतानाच गाझाच्या प्रश्नावर सरकारने जुनी सहमती मोडली, असा आक्षेप नोंदवला. माकपने क्वाडमधून (भारत, अमेरिका, जपान आणि ऑस्ट्रेलिया यांचा गट) बाहेर पडण्याची मागणी केली. हे तिन्ही सारखं कसं?

गाझाबाबत संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेतल्या भारताच्या मतांचीही नोंद आहे. 27 ऑक्टोबर 2023 ला तटस्थ, 12 डिसेंबर 2023 ला युद्धबंदीच्या बाजूने, 12 जून 2025 ला पुन्हा तटस्थ. माझ्या मते माणसं मरत असताना युद्धबंदीच्या ठरावावर तटस्थ राहणं याला स्वतंत्र धोरण म्हणता येत नाही. कुणाचं मत याच्या उलट असेल, तर त्याने कारणं मांडावीत. पण मत मागायला दारात आलेल्या उमेदवाराला या तारखाच माहीत नसतील, तर ते आपल्याला कळलं पाहिजे. सोसायटीच्या ओट्यावर प्रचारसभा होते तेव्हा गटारीबद्दल दहा प्रश्न होतात, त्यात अकरावा हा घालायला कुणाची हरकत नसते.

राहिला दुबळेपणाचा आरोप. ज्या वाजपेयींनी पोखरण केलं, तेच फेब्रुवारी 1999 मध्ये बसने लाहोरला गेले. त्यानंतर कारगिल झालं, संसदेवर हल्ला झाला, आणि तरीही नोव्हेंबर 2003 मध्ये त्यांच्याच काळात नियंत्रण रेषेवर शस्त्रसंधी लागू झाली. त्याच वर्षी अमेरिकेला इराकमध्ये भारतीय सैन्य हवं होतं. संसदेने एप्रिलमध्ये इराकवरच्या लष्करी कारवाईविरुद्ध एकमताने ठराव केला होता, आणि जुलैमध्ये सरकारने, संयुक्त राष्ट्रांचा स्पष्ट आदेश नसताना सैन्य पाठवणार नाही, असं कळवलं. आपल्याकडची मुलं त्या वाळवंटात मेली नाहीत, ती या नकारामुळे. पुढे नियंत्रण रेषेवरचा गोळीबार पुन्हा वाढत गेला, तेव्हा 25 फेब्रुवारी 2021 ला दोन्ही सैन्यांनी संयुक्त निवेदन काढून शस्त्रसंधी पाळायचं पुन्हा ठरवलं. तेव्हाही सरकार भाजपचंच होतं. शांततेला दुबळेपणा म्हणणाऱ्या कार्यकर्त्याला पुढच्या प्रचारफेरीत एवढंच विचारा : 2003 चा नकार आणि 2021 चं निवेदन तुमच्या उमेदवाराला मान्य आहे का?