वसमत रोडच्या कट्ट्यावर मेरी वॉकर

परवा परभणीत आमच्या वसमत रोडच्या कट्ट्यावर डॉ. मेरी वॉकरवरून चांगलीच जुंपली. अमेरिकेच्या यादवी युद्धातली ही सर्जन. मेडल ऑफ ऑनर हे तिथलं सर्वोच्च लष्करी पदक आजवर एकाच बाईला मिळालं, ते हिला, 1865 साली. 1917 मध्ये सरकारनं ते रद्द केलं.

"नियमानं बरोबरच केलं," वकीलसाहेब म्हणाले. "कंत्राटी डॉक्टर होती, फौजेत नव्हती. आन् तिचं एकटीचंच काढलं का? 911 नावं कापली, बाकी सगळे पुरुषच!"

"पण साहेब, फौजेत कामून नव्हती?" मला राहवेना. 1855 ची डॉक्टरकीची पदवी घेऊन ती 1861 मध्ये वॉशिंग्टनला गेली, सर्जनची नेमणूक मागितली. बाई म्हणून नाकारली. तरी जखमींसाठी बिनपगारी राबली. कंत्राट मिळायला 1863 उजाडलं. 1864 च्या एप्रिलमध्ये शत्रूनं, म्हणजे दक्षिणेच्या बंडखोरांनी धरली, त्यांच्या राजधानीत, रिचमंडच्या तुरुंगात चार महिने काढले, शेवटी कैद्यांच्या अदलाबदलीत सुटली. आधी फौजेत घ्यायचं नाही आणि मग फौजेत नव्हतीस म्हणून पदक काढायचं, हा कुठला न्याय?

"ते जाऊ द्या," दादा मधेच बोलले, "पण बाईमाणसाला पँटच घालायचा हट्ट कशाला? बायकांच्या साध्या कपड्यात दवाखाना चालत नाही का?"

रिटायर सिस्टर आक्का भडकल्याच. "दादा, तुमच्याच रानात कापूस वेचायला बाया साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट घालून येतात. तवा इचारलं का कधी? रक्तात, चिखलात तो पायघोळ झगा लोळवत टाके घालायचे व्हय?"

वॉकरचं म्हणणं हेच होतं. लांब झग्यांनी धूळ, घाण गोळा होते. युद्धात ती आखूड घागऱ्याखाली पँट घालायची, पुढं तर पुरुषी सूटच. त्यापायी अटकाही झाल्या.

पदक परत द्यायला तिनं साफ नकार दिला, 1919 मध्ये मरेपर्यंत छातीवर लावलं. ते परत बहाल झालं 1977 ला, ती जाऊन 58 वर्षांनी.

नेमणूक नाकारली ते चूकच, एवढं वकीलसाहेबांनी मान्य केलं. पदकाचं मात्र अजून मानत नाहीत. उद्या परत धरणार आहे त्यांना.