‘निवडायला आहेच काय?’ – ‘कोरडवाहू’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

‘कोरडवाहू’, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा जरा कमी आला, आणि तिसऱ्यांदा कळलं की दोन ओळींत ‘आभारी आहे’ म्हणून सुटण्यासारखं हे प्रकरण नाही. म्हणून हे लांबलचक उत्तर.

ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत पीएच.डी.ला जाणाऱ्यांनी विद्यापीठाच्या नावापेक्षा गाइड कोण ते बघावं, हो म्हणण्याआधी त्याला आणि त्याच्या विद्यार्थ्यांना प्रश्न विचारावेत, आणि आठ-दहा ठिकाणी अर्ज करावेत, असं मी मागच्या लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं: “ताई, हा सल्ला पुण्या-मुंबईच्या पोरांना शोभतो. मराठी माध्यमातून आलेल्या, घरातली पहिलीच डिग्री असलेल्या पोराला निवडायला आहेच काय? जे दार उघडेल त्यात शिरायचं. धर्माच्या गाईचे दात मोजायचे नसतात. बाबासाहेब न्यूयॉर्कला गेले ते काय गाइडची कुंडली बघून? तिकडे बसून सल्ले देणं सोपं असतं.”

शेवटापासून सुरुवात करते. मी तिकडे बसलेली नाही. २०२१पासून पुण्यात आहे, नोकरी करते. आणि मूळची बार्शीची. वडील अडतीवर मुनीम होते. दहावीपर्यंत शाळा मराठी, बी.एस्सी. गावातच. हे सांगून तुमच्यापेक्षा मी जास्त सोसलं असा दावा करायचा नाही, पण ‘पुण्या-मुंबईचे’ या खात्यात मला टाकू नका इतकंच.

आता जिथे तुम्ही बरोबर आहात ते. ‘आठ-दहा ठिकाणी अर्ज करा’ हे वाक्य मी पगार चालू झालेल्या माणसाच्या बेफिकिरीने लिहिलं. एका अर्जाची फी बहुतेक ठिकाणी ७५ ते १०० डॉलरच्या दरम्यान असते. डॉलर ८५ रुपये धरला तरी दहा अर्जांचे चौसष्ट ते पंच्याऐंशी हजार होतात. जीआरई ही प्रवेशपरीक्षा लागत असेल तर तिचे बावीस हजारांच्या घरात, टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे आणखी सोळा-सतरा. म्हणजे अजून कोणी ‘ये’ म्हटलेलंही नाही आणि लाखभर रुपये गेले. मी स्वतः २०१३च्या डिसेंबरात पाचच अर्ज केले होते, कारण वडिलांनी मालकाकडून घेतलेल्या उचलीत पाचच बसत होते. आणि हे मीच लेखात लिहायला विसरले! तेव्हा आता लिहिते. २०२०नंतर रसायनशास्त्राच्या बऱ्याच विभागांनी जीआरई काढून टाकली आहे. अशी ठिकाणं आधी बघा. फी माफ करून मागता येते. अर्ज ‘सबमिट’ करण्याआधी, विभागात प्रवेशाचं काम बघणाऱ्या माणसाला साध्या चार ओळींची मेल टाकायची. काही जण नाही म्हणतात, काही जण फी माफीचा कोड पाठवून देतात. फी एकदा भरली की मात्र परत मिळत नाही.

शिफारसपत्रं मिळवणंच अवघड, असंही तुम्ही म्हणालात, तेही खरं. “तूच लिहून आण, मी सही करतो,” हे मलाही ऐकावं लागलं. ते सर वाईट नव्हते, त्यांना असं पत्र कधी लिहावंच लागलं नव्हतं. त्यातून तिकडची यंत्रणा पत्राची लिंक थेट सरांच्या मेलवर पाठवते, तीही शक्यतो कॉलेजच्या अधिकृत पत्त्यावर. आमच्या सरांचा पत्ता याहूचा, आणि पासवर्ड त्यांच्या मुलाला माहीत. मुलगा होता लातूरला.

इथवर तुमचा मुद्दा मान्य. गाय मात्र मान्य नाही.

पीएच.डी.ची जागा ही धर्माची गाय नव्हे हो. पहिल्या वर्षी मी आठवड्याला २० तास पहिल्या वर्षाच्या पोरांची केमिस्ट्रीची प्रॅक्टिकल्स घ्यायची, जर्नल तपासायचे, त्यांच्या शंका सोडवायला ठरल्या वेळी खोलीत बसायचं. पुढे गाइडच्या ग्रँटवर (त्याला संशोधनासाठी मिळालेल्या निधीवर) गेले तेव्हा त्या ग्रँटचं काम माझ्या हातून होत होतं. विद्यापीठाची फी माफ झाली आणि महिन्याचा स्टायपेंड मिळाला तो या कामापोटी. दान म्हणून कोणी काही दिलं नाही. अडतीवर माल उतरवणारा हमालसुद्धा पोत्याला किती मिळणार आणि कधी मिळणार हे विचारतो. त्याला आपण ‘दात मोजतोय’ म्हणत नाही.

न विचारल्यामुळे माझं काय झालं ते मागच्या लेखात मी टाळलं होतं. ते सांगितल्याशिवाय माझा सल्ला पुस्तकी वाटणार, हे तुमची प्रतिक्रिया वाचून कळलं.

ऑगस्ट २०१४मध्ये मी पोचले. पहिला पगार सप्टेंबरच्या अखेरीस होणार हे तिथे गेल्यावर समजलं. सोबत ११०० डॉलर होते. खोलीचं डिपॉझिट आणि पहिलं भाडं यातच बहुतेक गेले. पुढचे पाच-सहा आठवडे आईने बांधून दिलेल्या कडक भाकरी आणि शेंगाची चटणी यांनी मला तारलं. सोलापूरकडच्या वाचकांना कळेल मी काय म्हणते ते. इतरांनी एवढंच समजून घ्यावं की ती भाकरी महिनाभर टिकते आणि बर्फाळ देशात ती मोडल्याचा आवाज शेजारच्या खोलीत जातो.

डिसेंबरात गाइड निवडायचा होता. मी एका तरुण प्राध्यापकांकडे गेले. हवेत उघडं ठेवलं की सडणारी धातूंची संयुगं, दिवसभर ग्लव्ह बॉक्समध्ये (हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीत) हात घालून काम. मला विषय आवडला, माणूसही आवडला. पद असिस्टंट प्रोफेसर, नोकरीचं पाचवं वर्ष. आमच्या कॉलेजात असिस्टंट प्रोफेसर म्हणजे कायमचा माणूस, रिटायर होईपर्यंत हलत नाही (तासिका तत्त्वावरचे बिचारे वेगळे). शब्द तोच, म्हणून मला वाटलं अर्थही तोच. तिकडे तसं नसतं. तिकडच्या संशोधन विद्यापीठांत असिस्टंट प्रोफेसर मुदतीवर असतो. साधारण सहाव्या वर्षी त्याचं सगळं काम तपासतात: पेपर किती, ग्रँट किती, बाहेरचे तज्ज्ञ काय म्हणतात. पसंत पडलं तर ‘टेन्युअर’, म्हणजे कायम. नाही पडलं तर साधारण एक वर्ष मिळतं, बांधाबांध करायला.

२०१६च्या वसंतात आमच्या सरांना नकार आला. ते एका कंपनीत गेले. लॅबमध्ये आम्ही पाच विद्यार्थी. दोघं संपत आले होते, त्यांनी घाईघाईने थिसिस लिहिले. दोघं मास्टर्सची पदवी घेऊन बाहेर पडले. राहिले मी. नव्या गाइडकडे जागा मिळायला सहा महिने आणि नवा विषय हातात बसायला वर्ष, असं दीड वर्ष पाण्यात गेलं. त्या काळात वडिलांना फोनवर ‘सगळं बरं चाललंय’ हेच सांगायचे. त्यांना काय सांगणार, की मास्तर नापास झाले म्हणून पोरगी मागे पडली?

आता यातली टोचणारी गोष्ट. आमच्याच बॅचचा दिल्लीकडचा एक मुलगा त्याच लॅबचा विचार करत होता. त्याने तिथल्या सिनिअरला जेवायला नेऊन विचारलं, “यांचं टेन्युअर कधी आहे?” उत्तर ऐकलं आणि तो दुसरीकडे गेला. हा प्रश्न असतो हे त्याला कुठून कळलं? त्याच्या कॉलेजचे पंधरा-वीस सिनिअर अमेरिकेत होते, त्यांनी सांगितलं. माझ्या कॉलेजचं तिकडे कोणी नव्हतं. तेव्हा तुमचं म्हणणं मी असं फिरवून मांडेन: प्रश्न विचारायला पैसे पडत नाहीत, पण कुठला प्रश्न विचारायचा हे कळण्यामागे मोठी इस्टेट लागते, आणि ती सगळ्यांकडे नसते. माझा लेख ती इस्टेट वाटण्यासाठी होता. तुम्ही तो ‘श्रीमंतांचे चोचले’ म्हणून बाजूला ठेवलात तर नुकसान तुमच्याच पोरांचं आहे. त्या दिल्लीवाल्या मुलाचं दीड वर्ष गेलं असतं तरी घरून पैसे आले असते. माझ्या मागे कोण होतं?

आपल्याकडे मुलीला स्थळ आलं की मुलाच्या गावी जाऊन पानटपरीवर चौकशी करतात. ती काय फक्त बंगलेवाले करतात? उलट ज्याला मुलगी परत आणणं परवडणार नाही तो बाप जास्त करतो. इथली पानटपरी म्हणजे त्या लॅबमधून बाहेर पडलेले जुने विद्यार्थी. आत असलेले सहसा गोडच बोलतात. सोडून गेलेल्यांना विचारा: किती वर्षं लागली, उन्हाळ्यातला पगार कोण देतं (बऱ्याच ठिकाणी नेमणूक नऊ महिन्यांचीच असते), ग्रँट संपली तर विभाग शिकवण्याचं काम देतो का, अर्ध्यावर किती जण गेले. विचारायचा काळही ठरलेला आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये होकार येतात आणि त्याला हो-नाही कळवायला बहुतेक मोठी विद्यापीठं १५ एप्रिलपर्यंत मुदत देतात. ते आठवडे त्यांना तुम्ही हवे असता. ऑगस्टमध्ये विमानातून उतरलात की पारडं फिरलं.

एक अडचण मात्र तुमच्या लक्षात आणून देते, कारण ती पैशांची नाही. आपल्याला विचारण्याची सवयच नसते. शाळेपासून ‘जास्त शहाणपणा करू नको’ ऐकलेलं. मी तिथे पहिल्या महिन्यात एका सरांच्या दारात उभी राहून म्हणाले, “सर, आय हॅव अ डाउट.” आपल्या हिशेबाने म्हणजे शंका आहे, समजावून सांगा. त्यांनी ऐकलं की हिला माझ्या म्हणण्याबद्दल संशय आहे! चेहरा असा झाला की मी चार दिवस तिकडे फिरकले नाही. पुढे ‘क्वेश्चन’ म्हणायला शिकले. नावाने हाक मारायला मात्र पूर्ण वर्ष लागलं. तोवर कुठलीच हाक न मारता समोर जाऊन खाकरायचे.

बाबासाहेबांचं नाव तुम्ही काढलंत म्हणून, नाहीतर माझ्या रडगाण्याशेजारी ते ठेवायची माझी छाती नाही. १९१३ साली सयाजीरावांची शिष्यवृत्ती मिळाली ती महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी, आणि बदल्यात दहा वर्षं बडोद्याची नोकरी करण्याचा करार होता. तीही धर्माची गाय नव्हती. आणि गुरू? न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्राचे प्राध्यापक सेलिग्मन होते. १९१६मध्ये बाबासाहेब लंडनला निघाले तेव्हा याच सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या संस्थापकांपैकी एक सिडनी वेब यांना बाबासाहेबांबद्दल पत्र दिलं. पण १९१७मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचं शिक्षण अर्ध्यावर सोडून परतावं लागलं; पुन्हा जाता आलं ते १९२०मध्ये. एवढ्या अफाट बुद्धीच्या माणसालाही पैशाच्या तारखेने तीन वर्षं थांबवलं. मग आपल्या पोरांनी ‘पैसे कुठपर्यंत?’ एवढंही विचारू नये?

२०२५ पासून तर हा प्रश्न पहिला विचारावा अशी स्थिती आहे. अमेरिकेच्या केंद्र सरकारने संशोधनाच्या निधीला कात्री लावल्यावर अनेक विभागांनी पीएच.डी.च्या जागा कमी केल्या. त्याच वर्षी मे अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या नव्या मुलाखतींच्या तारखा देणं थांबवलं होतं, ते जूनच्या मध्यावर पुन्हा सुरू झालं. याचा अर्थ जाऊ नका असा नाही. इथला पर्याय चालू ठेवून जा.

इथल्या पर्यायाबद्दल तुम्ही एका ओळीत विचारलंत, मीही थोडक्यात सांगते. नेट परीक्षेतून मिळणारी जेआरएफ ही संशोधनाची फेलोशिप १ जानेवारी २०२३पासून महिना ३७,००० आहे. ती वेळेवर येत नाही ही तक्रार सगळीकडे आहे, तेव्हा चार-सहा महिने उसनवारीवर काढायची तयारी ठेवा. सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या फेलोशिपसाठी पोरांना आंदोलनं करावी लागली, आणि डिसेंबर २०२३च्या नागपूर अधिवेशनात तर ही मुलं पीएच.डी. करून काय दिवे लावणार, असंही ऐकून घ्यावं लागलं. असो. गाइडची चौकशी इथेही लागतेच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांप्रमाणे प्रोफेसरला आठ, असोसिएटला सहा आणि असिस्टंटला चारच विद्यार्थी घेता येतात, आणि निवृत्तीला तीन वर्षांहून कमी राहिलेल्या गाइडला नवा विद्यार्थी घेता येत नाही. तेव्हा जागा रिकामी आहे का आणि सर कधी निवृत्त होणार, हे दोन प्रश्न विचारण्यात कसला उद्धटपणा?

मूळ लेखात ‘आठ-दहा’ खोडून ‘परवडतील तितके, पण त्यातल्या निम्म्या ठिकाणी फी माफी मागून’ असं केलं आहे. तिथेच खाली खर्चाचा हिशेबही जोडला आहे.

तुमचा भाचा यंदा अर्ज करतोय असं तुम्ही शेवटी लिहिलंत. बऱ्याच मुदती १ ते १५ डिसेंबरच्या आत असतात. त्याला म्हणावं, बाकी सगळं नंतर. आधी विद्यापीठाच्या परीक्षा विभागात जाऊन ट्रान्स्क्रिप्टचा (सगळ्या वर्षांच्या गुणांच्या अधिकृत उताऱ्याचा) अर्ज टाक आणि पावतीवर शिक्का घे. दिवाळीची सुट्टी लागली की त्या खिडकीवर कोणी भेटत नाही. आणि शिफारसपत्र देणाऱ्या सरांचा पासवर्ड नक्की कोणाकडे आहे, तेही आत्ताच विचारून ठेव.