‘स्लिपमधला’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

मागच्या लेखाखाली ‘स्लिपमधला’ या टोपणनावाने आलेली प्रतिक्रिया उडवून टाक, असं दोघा मित्रांनी सुचवलं. मी ती ठेवलीय. ज्यांनी वाचली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: काउंटीत (म्हणजे इंग्लंडच्या परगण्यांच्या संघांत) तरुण फलंदाज घडतात हे माझं म्हणणं कालबाह्य आहे, ग्रॅम हिकचं काय झालं ते बघा, जेकब बेथेल प्रथम श्रेणीत एकही शतक नसताना कसोटी खेळला, खासगी शाळांबद्दल मी चकार शब्द काढला नाही, मी हायलाइट्स बघून लेख पाडतो. आणि मधोमध हे वाक्य: “काउंटीत पोरगं घडत नाही काका, ढगाळ हवेत ७५ मैलांचं मिलिटरी मीडियम खेळून खेळून सडतं.”

‘काका’चा राग नाही. वय झालंय. पण ते वाक्यात जिथे बसवलंय ती जागा बघा. तिथे आदर म्हणून कुणी काका म्हणत नाही. बसमध्ये “काका, जरा सरका” म्हणतात तसं ते आहे. मतभेद जरूर असावेत, पण समोरच्याला आधी बाजूला सारून मग मुद्दा मांडणं ही कुठली पद्धत?

असो. त्या ताशी ७५ मैलांच्या ‘मिलिटरी मीडियम’वर, म्हणजे बेताच्या वेगाच्या साध्यासुध्या गोलंदाजीवर येऊ, कारण बाकी सगळं त्यातूनच उगवलंय.

मे २०२१, कँटरबरी. केंटच्या डॅरेन स्टीव्हन्सने ग्लॅमॉर्गनकडून खेळणाऱ्या ऑस्ट्रेलियाच्या मार्नस लाबुशेनला पायचीत केलं. स्टीव्हन्स तेव्हा ४५ वर्षांचा. वेग तुम्ही म्हणता तेवढाच, कदाचित त्याहून कमी. (त्याच सामन्यात त्याने १९० धावाही कुटल्या, पण तो वेगळा विषय.) इंग्लंडमध्ये वापरतात त्या ड्यूक्सच्या चेंडूची शिवण हातानं घातलेली आणि चांगली उठावदार असते. एप्रिल-मेच्या ओलसर खेळपट्टीवर ती टेकली की चेंडू आत येईल की बाहेर जाईल, हे टाकणाऱ्यालाही छातीठोकपणे सांगता येत नाही. फलंदाजाला वेळ भरपूर मिळतो आणि त्या वेळातच तो हात पुढे घालून बसतो. बॅट शरीराजवळ ठेवणं, चेंडू डोळ्यांखाली येऊ देणं, ऑफ स्टंप कुठे आहे ते न बघता माहीत असणं, हे सगळं तिथे शिकावंच लागतं. नाही शिकलात तर मे संपायच्या आत सेकंड इलेव्हनमध्ये, म्हणजे काउंटीच्या दुय्यम संघात.

आणि हाच लाबुशेन २०१९ मध्ये ग्लॅमॉर्गनकडून दुसऱ्या डिव्हिजनमध्ये १,११४ धावा आणि पाच शतकं करून ऑगस्टमध्ये लॉर्ड्सवरच्या कसोटीत जखमी स्टीव्ह स्मिथच्या जागी उतरला. पुढचं तुम्हाला माहीत असेल, हायलाइट्समध्येही होतं.

‘सडतं’ हा शब्द तुम्ही वापरलात म्हणून हसीब हमीदकडे येतो. २०१६ मध्ये एकोणिसाव्या वर्षी त्याने लँकेशायरकडून यॉर्कशायरविरुद्धच्या सामन्यात दोन्ही डावांत शतकं केली. त्याच वर्षी राजकोटला कसोटी पदार्पणात ८२, आणि मोहालीला मोडक्या बोटाने आठव्या क्रमांकावर येऊन नाबाद ५९. मग घसरण. २०१८ च्या चॅम्पियनशिपमध्ये सरासरी १० च्याही खाली, २०१९ मध्ये लँकेशायरने सोडला. इथपर्यंतची गोष्ट तुमच्या बाजूची. पण त्यानंतर तो नॉटिंगहॅमशायरला गेला, तिथे परत सलामीला उभा राहिला, २०२१ मध्ये कसोटी संघात परतला आणि २०२५ मध्ये कर्णधार म्हणून काउंटी चॅम्पियनशिप जिंकला. एका काउंटीत संपलेला मुलगा दुसरीत सावरतो, ही सोय अठरा काउंट्यांमुळे आहे. आपल्याकडे रणजीत एकदा बाहेर पडलेल्या मुलाला विचारा.

आता हायलाइट्सबद्दल. मी दादरच्या एका क्लबकडून कांगा लीग खेळलोय, भर पावसाळ्यात, खालच्या डिव्हिजनमध्ये का होईना. शिवण म्हणजे काय ते मला पोटऱ्यांवर कळलंय. इथे इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये आमच्या क्लबकडे शनिवारी अकादमीतली पोरं खेळायला येतात. त्यांना सरावासाठी हाताने चेंडू फेकून (थ्रोडाऊन) माझा खांदा गेलाय. आणि डिसेंबर २०१२ मध्ये सुट्टीवर आलेलो असताना मी नागपूरला जामठ्याच्या स्टँडमध्ये होतो, इंग्लंडची कसोटी बघायला. सहाव्या क्रमांकावर एक कोवळा पोरगा आला, २२९ चेंडूंत ७३ धावा केल्या. लोक वैतागून समोसे आणायला उठत होते. तो जो रूट. २००६ मध्ये नागपूरलाच, तेव्हाच्या जुन्या मैदानावर, अ‍ॅलिस्टर कुक वेस्ट इंडीजहून धावतपळत येऊन ६० आणि नाबाद १०४ करून गेला. दोघेही एकवीस वर्षांचे, एक यॉर्कशायरचा, एक एसेक्सचा. नागपूरच्या मंद खेळपट्टीवर ड्यूक्सची शिवण नव्हती हे मलाही कळतं. थांबायचं कसं ते त्यांच्याकडे होतं. ते कुठून आलं असेल, सांगा बरं!

हिकचा मुद्दा मात्र बरोबर आहे, मोकळेपणाने मान्य. १९८८ मध्ये टाँटनला नाबाद ४०५, कारकिर्दीत १३६ प्रथम श्रेणी शतकं, आणि कसोटीत सरासरी ३१. मार्क रामप्रकाशचंही नाव तुम्ही घेऊ शकला असता, त्याचीही गत तीच. पण सॉमरसेटचा सलामीवीर मार्कस ट्रेस्कॉथिकचं काय? १९९९ मध्ये डंकन फ्लेचर ग्लॅमॉर्गनचे प्रशिक्षक होते. त्यांच्या डोळ्यांदेखत टाँटनला त्याने १६७ केल्या आणि इंग्लंडची सूत्रं हाती आल्यावर फ्लेचरनी ती खेळी विसरली नाही. काउंटीतली सरासरी बघून निवड झाली असती तर त्याला कुणी विचारलं नसतं. म्हणजे बघणाऱ्याला नजर हवी. काउंटीचा त्यात काय दोष?

बेथेलबद्दल आज वाद घालत नाही. एक पोर अपवाद निघालं म्हणून शाळा बंद करत नाहीत.

राहिल्या खासगी शाळा. २०२१ मध्ये इंग्लंडच्या पुरुष संघाकडून खेळलेल्यांपैकी ५८ टक्के खासगी शाळांतले आणि एकूण लोकसंख्येत असे ७ टक्के, हे इथल्या क्रिकेटमधल्या समतेसाठी नेमलेल्या आयोगाने २०२३ मध्ये छापलंय. मोठा विषय आहे, पण माझा लेख फलंदाज खेळपट्टीवर काय शिकतो याचा होता, फी कोण भरतं याचा नव्हता. तुम्हाला त्यावर लिहायचं असेल तर स्वतःचा ब्लॉग काढा, मी पहिला वाचक. खरं नाव टाकलंत तर प्रतिक्रियाही देईन.